विरळणी

फावड्याच्या दांड्याचा पहिला फटका ट्रकवाल्याच्या खांद्यावर बसला, दुसरा दंडावर. तिसरा बसायच्या आत ट्रकवाला मागे सरकता सरकता अडखळला आणि स्वतःच मघाशी ओतलेल्या विटांच्या ढिगावर उताणा पडला. फिटरने दांडा टाकून दिला. त्याने ट्रकवाल्याची कॉलर धरली, त्याला अर्धा वर उचलला आणि उलट्या हाताची अशी एक ठेवून दिली की बघणाऱ्यांच्या गालाला झिणझिण्या आल्या.

‘‘उचल,’’ फिटर म्हणाला.

‘‘काय उचलू?’’

‘‘विटा. जेवढ्या ओतल्यास तेवढ्या. परत गाडीत.’’

ट्रकवाल्याचा ओठ फुटला होता आणि एक हात नीट वर होत नव्हता. तरी त्याने विटा उचलल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. दोन इमारतींच्या मधली ही मोकळी जागा म्हणजे त्याच्यासारख्यांचा हक्काचा उकिरडा होता. कुठं घर पाडलं की राडारोडा आणून इथं ओतायचा, विचारणारं कोण? आणि इथल्या वीस-पंचवीस माणसांनी लागोपाठ तीन रविवार घाम गाळून ती जागा साफ केली होती. भाजीबाग करायची ठरलं होतं. चौथ्या रविवारी हा पठ्ठ्या मागचा फाळका उघडून मोकळा. समजावून झालं, हात जोडून झाले, त्याने हेडबाईंना ‘‘म्हातारे, बाजूला हो’’ म्हटलं. तेव्हा फिटरने फावडं उचललं होतं.

ट्रक निघून गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेडबाईंनीसुद्धा वाजवल्या. तीस वर्षं शाळा चालवली त्या बाईंनी, एका पोराला दुसऱ्यावर हात टाकू दिला नाही, पण त्या दिवशी त्यांच्याही टाळ्या आपोआप वाजल्या. सलूनवाला तर म्हणाला, ‘‘फिटरदादा, तुम्ही आहात तोवर बागेला कुंपण नसलं तरी चालतंय.’’ फिटर हसला. शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि ज्या एका माणसासाठी तो चार रविवार घमेली वाहत होता, त्या माणसाकडे त्याने चोरून पाहिलं.

ती टाळ्या वाजवत नव्हती. ती हॉस्पिटलात नर्स होती, बागेची कल्पना मुळात तिची, जिन्याखालच्या फळ्यावर सूचना तिने लावलेली. ती हातातलं खुरपं पुसत हेडबाईंपाशी गेली.

‘‘हेडबाई, फिटरना सांगा, इथं पुन्हा कुणावर हात उठला तर बागेतून माझं नाव काढून टाका.’’

फिटर तिच्यापासून चार पावलांवर उभा होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला. आता खरं सांगायचं तर, ही नर्स फिटरची सख्खी, एकुलती एक मुलगी आहे हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. कळणार कुठून? तीही त्याला फिटरच म्हणायची.

तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. चौदा वर्षांची असताना फिटरने तिच्या कानफटात मारली होती आणि पडदा फाटला होता. त्या काळी फिटर कारखान्यातून आला की घर श्वास रोखून बसायचं. त्याचा राग नाकावर असायचा आणि हात सैल. बायकोने खाल्ली, पोरीने खाल्ली, एकदा दारावर आलेल्या मीटर बघणाऱ्यानेही खाल्ली. मारून झालं की तो स्वतःच रडवेला व्हायचा, बाजारातून काहीबाही घेऊन यायचा, पोरीला मांडीवर घ्यायचा. त्या दिवशीही आणलं होतं. पण कानातून रक्त येत होतं आणि ते सकाळपर्यंत थांबलं नाही. तिला का मारलं ते फिटरला पुढे कितीही डोकं खाजवून आठवलं नाही. तिला पक्कं आठवत होतं. त्याच्या पान्यांच्या पेटीवर तिने वही ठेवली होती.

त्या दिवसापासून तिने त्याला बाबा म्हणणं सोडलं. भांडण नाही, तंडण नाही, नुसता तो एक शब्द तिच्या तोंडून गेला. ‘‘आई, त्यांना सांग फी भरायची आहे.’’ ‘‘आई, त्यांना विचार सही करणार का.’’ पुढे शिकली, नोकरी लागली, स्वतःच ठरवून लग्न केलं आणि निरोप आईकडे आला. अशी एकोणीस वर्षं गेली. मध्ये फिटर सुधारला. वयाने म्हणा, भीतीने म्हणा, बायकोवर हात टाकणं त्याने सोडलं. पण सुधारलो हे सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं ते माणूस त्याच्या घराची पायरी चढत नव्हतं. आणि गेल्या वर्षी नवऱ्याच्या बदलीमुळे ती समोरच्याच इमारतीत राहायला आली. फिटर नुकताच रिटायर झाला होता. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा, ती ड्यूटीला जाताना दिसायची, येताना दिसायची. मग एक दिवस जिन्याखाली सूचना लागली आणि खाली तिची सही होती. फिटरने चष्मा काढून पुसला आणि पहिल्याच रविवारी पहार घेऊन हजर झाला.

‘‘तिनं एकदा बाबा म्हणावं,’’ तो बायकोला म्हणायचा. ‘‘मग मेलो तरी चालेल.’’

‘‘मरायचं राहू दे. आधी हात आवर,’’ बायको म्हणायची.

तर त्याने हात आवरला. म्हणजे बघा, आवरायचा म्हणजे काय, गुंतवायचा. बागेतलं जे जे लोखंडी ते फिटरचं. जुन्या लाकडी पलंगाच्या चौकटीला जाळी ठोकून त्याने माती चाळायची चाळण केली आणि चाळणीखाली बसून दोन महिने विटांचे तुकडे, काचा, खिळे वेगळे काढले. कुंपण त्याचं, फाटक त्याचं, फाटकाच्या कुलपाची कडी त्याची. टाकीपासून पाइप टाकला, नळ बसवला. आता हा नळ एक प्रकरणच होऊन बसला. फिटरला कारखान्यात पस्तीस वर्षं सवय, नटाचा आटा घट्ट बसला की वर अर्धा आटा आणखी पिळायचा. ठिबकायचं नाव नको. परिणाम असा की फिटरने बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडत नसे. बायका बादल्या घेऊन उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, ‘‘अहो फिटर, सोडा की जरा.’’

‘‘झाडांना नट समजू नका फिटरदादा,’’ सलूनवाला म्हणायचा. ‘‘सैल हातानं घ्या. बागेत जोर चालत नाही.’’

हा सलूनवाला म्हणजे नाक्यावरच्या केशकर्तनालयाचा मालक, कारागीर आणि झाडूवाला, सगळं एकच. सडपातळ, बोलघेवडा. त्याची बोटं लांब आणि इतकी हलकी की फिटर वीस वर्षं त्याच्याकडे दाढीला बसायचा आणि निम्म्या वेळा तिथंच झोपी जायचा. बागेत त्याच्याइतकं कळणारं कुणी नव्हतं. त्याचा बाप माळी होता. कुठल्या वाफ्यात काय लावायचं, बी किती खोल, पाणी कधी तोडायचं, सगळं त्याला विचारून. फिटरला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि शिकायचीही हौस नव्हती. त्याला फक्त एक वाफा ओळखता येत होता. फाटकापासून तिसरा, उजवीकडे. तो मुलीचा.

मुलीने त्यात गाजराचं बी टाकलं. गाजराचं बी बारीक, चिमटीत राहत नाही. तिने भाजीवर मीठ भुरभुरावं तसं भुरभुरलं आणि ते सगळंच्या सगळं उगवलं. हिरवागार गालिचा. फिटर रोज सकाळी तिथं उभा राहायचा. वाफ्याला हात लावायचा नाही, नुसता बघायचा.

आणि बरोबर त्या गालिच्याच्या वेळेला ट्रकवाला परत आला.

भर दुपारी आला, तीन जण सोबत घेऊन. बागेत कुणी नव्हतं आणि फाटकाला कुलूप नव्हतं. कुलपाच्या किल्ल्या दोन, एक फिटरकडे, एक सलूनवाल्याकडे. सलूनवाला सकाळी पाणी घालून गेला आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून कुलूप लावायचं विसरला. त्या चौघांनी पहारीने पाइप फोडला. हेडबाईंचे टोमॅटो, काठीला बांधलेले, फळाला आलेले, काठ्यांसकट उपटून बुटांखाली चिरडले. चाळणीवर पेट्रोल ओतून काडी लावली. धूर बघून लोक गॅलऱ्यांत आले, पण खाली कुणी उतरेना. फिटर उतरला.

तो फाटकात जाऊन उभा राहिला. चौघं बाहेर निघायच्या बेतात होते. ट्रकवाल्याने त्याला ओळखलं.

‘‘हाच तो,’’ तो म्हणाला. ‘‘काय रे, दांडा कुठाय तुझा?’’

फिटरने उजव्या हाताने फाटकाची सळई धरली होती. ट्रकवाल्याने त्याच्या तोंडात मारली. मग दुसऱ्या गालावर. मग पुन्हा पहिल्या. मारताना तो मोठ्याने मोजत होता, विटांचा हिशेब करावा तसा. सातव्याला फिटरच्या नाकातून रक्त आलं, नवव्याला चष्मा पडला आणि त्यावर कुणीतरी पाय दिला. फिटरने सळई सोडली नाही. ती कापताना राहिलेली धार त्याने तासायची ठेवली होती, ती तळव्यात घुसत होती आणि त्याला ते बरं वाटत होतं. हात सुटला तर काय होईल ते त्याला नक्की ठाऊक होतं. बाराव्या थपडेनंतर ट्रकवाल्यालाच कंटाळा आला. मारून घेणाऱ्याला मारण्यात काय मजा? ते थुंकले आणि गेले.

फिटर खाली बसला. सळईवरून हात सुटेना, तो दुसऱ्या हाताने एकेक बोट काढत होता. तेवढ्यात समोर पांढरे बूट येऊन थांबले. मुलगी ड्यूटीवरून येत होती. कोपऱ्यावरून तिने शेवटच्या पाच-सहा तरी बघितल्या असणार.

‘‘बघू,’’ ती म्हणाली.

तिने त्याचा तळवा उलटा केला, पर्समधून कापूस काढला, बाटलीतल्या पाण्याने धुतला. जखम खोल होती. तिची बोटं सराईत होती, कुणाही पेशंटचा हात धरावा तशी. पण हात त्याचा होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याशी थेट बोलली होती, मध्ये आई नाही, हेडबाई नाहीत. फिटरचं रडू नाकातल्या रक्तात मिसळलं आणि ते एका परीने बरंच झालं, तिला कळलं नाही.

‘‘का नाही मारलं त्याला?’’ तिने विचारलं.

फिटर तिच्या डाव्या बाजूला बसला होता. तो उठून उजवीकडे गेला आणि मग म्हणाला, ‘‘तू सांगितलं होतंस ना.’’

तिने पट्टीला गाठ मारली. मग म्हणाली, ‘‘रविवारी घरी येईन. आईला सांगा.’’

रविवार उजाडायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत फिटरच्या बायकोने घर इतकं घासलं की फरशीचा मूळ रंग बाहेर आला. मुलीला काय आवडतं यावर दोघांची भांडणं झाली. फिटरला तिच्या लहानपणीचंच सगळं ठाऊक आणि बायकोला आताचं. फिटरने न्हाणीघराचं बिजागर बदललं, कुरकुरणारी खुर्ची ठोकून घेतली आणि सलूनवाल्याकडून दुसरी किल्ली काढून घेतली.

ते जरा तोंडातोंडीवर गेलं. फिटर सलूनमध्ये जाऊन म्हणाला, ‘‘तुझ्यामुळं बाग जळली.’’

‘‘चुकलं दादा. पण किल्ली नाही तर सकाळचं पाणी कोण देणार?’’

‘‘मी देईन.’’

‘‘तुम्ही द्याल. पोरीच्या वाफ्यात इतकं दाट झालंय, तिकडं बघवत नाही मला. तेही तुम्हीच बघाल?’’

‘‘तिच्या वाफ्याकडं तू बघायचंच नाही,’’ फिटर म्हणाला. खुर्चीत साबण लावून बसलेलं गिऱ्हाईक आरशातून टकामका बघत होतं. सलूनवाल्याने किल्ली काढून दिली. वर हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. फिटरच्या मनात तेवढं राहिलं. वाफ्याकडे बघवत नाही म्हणाला. कुलूप यानंच उघडं ठेवलं होतं.

रविवारी सकाळी त्याने बागेचं फाटक उघडलं, पाइप जोडला, पाणी सुरू केलं आणि घरी आला. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बायको स्वयंपाकाला लागली होती. मुलगी रात्रपाळी करून दुपारी यायची होती. तेवढ्यात फिटरला वाटलं, तिच्या वाफ्यातलं मूठभर हिरवं नेऊन पेल्यात ठेवावं, टेबलावर, तिला बरं वाटेल. त्याला स्वतःलाच त्या कल्पनेचं हसू आलं. तो खाली उतरला.

तिसऱ्या वाफ्यात सलूनवाला उकिडवा बसला होता. तो उपटत होता. दोन बोटांत रोप धरायचा, ओढायचा आणि मागे फेकायचा. त्याच्या मागे उपटलेल्या रोपांचा ढीग पडला होता, मुळं वर आलेली, कोवळी, केसांएवढी गाजरं लागलेली. निम्मा गालिचा गेला होता. फिटरने आयुष्यात चांगला नट कधी फेकला नव्हता. चांगलं रोप उपटून फेकायला फक्त एकच कारण त्याला सुचलं.

त्यानंतरचं त्याला पुढे तुकड्या-तुकड्यांनी आठवायचं. त्याने सलूनवाल्याला मागून मानेला धरून उचललं आणि मातीत आपटलं. सलूनवाल्याला आधी वाटलं ट्रकवाला आला, तो ओरडलाच तसं. मग त्याने फिटरला पाहिलं आणि त्याला हायसं वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलंही. ‘‘अहो दादा, मी आहे,’’ तो म्हणाला. फिटरने त्याच्या तोंडावर गुडघा दिला. सलूनवाल्याच्या उजव्या मुठीत अजून चार रोपं होती. ती मूठ फिटरला डोळ्यांसमोर धरल्यासारखी दिसत होती.

‘‘सोड,’’ तो म्हणाला.

‘‘विरळणी,’’ सलूनवाला म्हणाला. त्याच्या तोंडात माती आणि रक्त होतं. ‘‘विरळणी चाललीय दादा, विर—’’

फिटरने हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. कुणाची तरी शिवी असेल, बहाणा असेल, त्याला ऐकायचंच नव्हतं. त्याने सलूनवाल्याचं मनगट धरलं, मूठ उघडत नाही म्हटल्यावर पहिलं बोट धरलं आणि मागे वाकवलं. ते वाकलं तिथवर वाकलं आणि मग त्याने वर अर्धा आटा आणखी दिला. आवाज फार मोठा आला नाही. मग दुसरं बोट. तिसऱ्याला सलूनवाला ओरडायचाही थांबला. मूठ उघडली होती, रोपं केव्हाच पडली होती, तरी फिटरने तो हात मातीवर ठेवून त्यावर बूट दिला. दोनदा. रविवार असल्याने बागेत माणसं येऊ लागली होती आणि ती फाटकातच थिजली. कुणी पुढे झालं नाही. त्याला धरायची कुणाची छाती होती?

‘‘सोडा त्यांना.’’

मुलगी गणवेशातच होती. ड्यूटीवरून घरी न जाता सरळ बागेत आली होती. तिने फिटरला हात लावला नाही, ढकललं नाही, ती फक्त दोघांच्या मध्ये गुडघे टेकून बसली आणि मग त्याला पाय काढावाच लागला.

‘‘टोमॅटोला बांधायच्या काड्या द्या कुणीतरी,’’ ती म्हणाली. ‘‘बारीक. आणि एक स्वच्छ रुमाल.’’

हेडबाईंनी काड्या दिल्या. मुलीने सलूनवाल्याची बोटं एकेक करून सरळ धरली, काड्या लावल्या, गुंडाळलं. सलूनवाला तिच्या खांद्याला डोकं टेकून कण्हत होता.

‘‘काका, सॉरी,’’ ती त्याला म्हणत होती. ‘‘मीच बोलावलं तुम्हाला. मीच सांगितलं होतं.’’

‘‘काय सांगितलं होतंस?’’ फिटर म्हणाला.

तिने वर पाहिलं नाही. तो तिच्या डावीकडे उभा होता. तिला ऐकू आलं नाही की तिला ऐकायचं नव्हतं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. उत्तर हेडबाईंनी दिलं, मुलाला समजवावं तसं, एकेक शब्द सुटा करून.

‘‘बी दाट पडलं की मधली रोपं उपटून टाकावी लागतात, फिटर. मग राहिलेल्यांना जागा मिळते. नाहीतर एकही गाजर धरत नाही, नुसता पाला होतो. त्याला विरळणी म्हणतात. काल तिनं आम्हा सगळ्यांसमोर सलूनवाल्यांना सांगितलं, मला जमत नाही, तुम्ही करून द्या. तुम्ही नव्हता.’’

फिटरने वाफ्याकडे पाहिलं. अर्धा वाफा दाट होता. उरलेल्या अर्ध्यात चार-चार बोटांवर एकेक रोप ताठ उभं होतं, आखून लावल्यासारखं.

‘‘मला वाटलं...’’ तो म्हणाला.

‘‘त्या दिवशी आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,’’ हेडबाई म्हणाल्या. त्या फिटरशी बोलत नव्हत्या, सगळ्यांशीच बोलत होत्या. ‘‘मीपण वाजवल्या.’’ कुणी मान वर केली नाही. एकाने पोलिसांचं नाव काढलं. सलूनवाल्याने डावा हात हलवून नको म्हटलं. दोघांनी त्याला उभं केलं. फाटकापाशी तो थांबला आणि वळला. त्याचं तोंड सुजून एका बाजूला गेलं होतं.

‘‘वीस वर्षं याच्या गळ्यावर वस्तरा फिरवला मी,’’ तो म्हणाला. ‘‘झोपायचा हा माझ्या हाताखाली.’’

मुलगी त्याला घेऊन हॉस्पिटलात गेली.

फिटर घरी आला. इस्त्रीच्या शर्टावर माती होती आणि मातीचं नसलेलंही काही होतं. बायकोने एकदा पाहिलं, गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. जिन्यातून वर येणाऱ्यांच्या बोलण्यातून तिला सगळं कळलं होतंच. तो शर्ट बदलून खुर्चीत बसला. दुपार झाली, स्वयंपाक झाकून ठेवलेला होता, दोघांनीही ताट घेतलं नाही. फिटर आपल्या हाताकडे बघत होता. तळव्यावरची तिने बांधलेली पट्टी सुटून लोंबत होती. ती परत बांधायची त्याची हिंमत होत नव्हती आणि सोडून टाकायचीही होत नव्हती. सलूनवाल्याची बोटं जुळतील, पण कात्री धरतील का? त्याला स्वतःची भीती वाटली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ती उशिरा आलेली भीती कुणाच्या काही उपयोगाची नव्हती.

‘‘ती नाही येणार आता,’’ बायको एकदाच म्हणाली.

पण ती आली. रविवारी येईन म्हणाली होती, आली. दिवस कलला होता. अंगावर तोच गणवेश, बाहीवर सलूनवाल्याच्या रक्ताचा डाग. दारात बूट काढले, आत आली, आईला मिठी मारली. आईने हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं, ताट वाढलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, अधूनमधून आईचा हुंदका, तिचं हळू बोलणं. तिने चार घास खाल्ले असावेत. फिटर बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून होता. उठून आत जावं की न जावं, ते त्याला ठरवता येईना. या घरात एकोणीस वर्षांनी तिचा आवाज ऐकू येत होता आणि तो श्वास रोखून बसला होता.

‘‘डबा भरते, थांब,’’ आई म्हणाली. ‘‘नवऱ्याला होईल.’’

ती बाहेर आली. त्याच्या खुर्चीसमोर उभी राहिली. तिचा चेहरा दमलेला होता, पण राग नव्हता. राग असता तर फिटरला सोपं गेलं असतं.

‘‘तीन बोटं मोडलीत,’’ ती म्हणाली. ‘‘एकात तार घालावी लागणार आहे. धार लावलेला वस्तरा ते आता धरू शकणार नाहीत बहुतेक.’’

फिटरने मान हलवली.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘बागेच्या किल्ल्या द्या.’’

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशात हात घातला. जाडजूड बोटांना किल्ली सापडेना, रुमाल बाहेर आला, चष्म्याची तुटकी काडी बाहेर आली. शेवटी ती सापडली. त्याने तिच्या हातावर ठेवली.

‘‘दुसरी?’’

दुसरी सलूनवाल्याची होती, खिळ्याला अडकवलेली. तो उठला, काढली आणि तीही दिली. तिने दोन्ही पर्समध्ये टाकल्या, चेन ओढली, बूट घातले आणि वाकून बंद नीट बांधले. जिन्यावरून तिची पावलं खाली गेली.

आई भरलेला डबा घेऊन बाहेर आली तेव्हा दार उघडं होतं.

‘‘गेली?’’ तिने विचारलं. ‘‘डब्यासाठी थांबली नाही? काय म्हणाली?’’

‘‘बाबा म्हणाली,’’ फिटर म्हणाला.